पोटरीची कातडी घोट्यावर: फ्लॅप म्हणजे नेमकं काय?

घोटा मोडला, ऑपरेशन झालं, प्लेट बसली. आठवड्याभरात टाक्यांवरची कातडी काळी पडली आणि एका सकाळी ड्रेसिंग करताना जखमेच्या तळाशी प्लेट चमकली. मग प्लास्टिक सर्जन येऊन पाहतात आणि सांगतात, "पोटरीचा फ्लॅप फिरवावा लागेल." घरचे एकमेकांकडे बघत राहतात. जखम घोट्याला, मग पोटरी का कापायची? चांगल्या भागावर आणखी एक जखम कशाला? आणि प्लास्टिक सर्जरी तर चेहऱ्यासाठी असते ना?

हे सगळे प्रश्न रास्त आहेत. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यांची उत्तरं कळणं हा पेशंटचा हक्क आहे. उत्तरं समजायला अवघडही नाहीत. फक्त सुरुवात कातडीपासून न करता रक्तापासून करावी लागते.

घोट्याजवळची जखम इतकी हट्टी का?

आधी स्वतःचा पाय चाचपून पाहा. पोटरीवर बोट दाबलं तर ते मऊ स्नायूत रुततं. तसंच खाली सरकत घोट्याच्या उंचवट्यावर या. कातडी आणि लगेच हाड, मधे जवळजवळ काही नाही. टाचेच्या मागे जी जाड दोरी लागते ती पोटरीच्या स्नायूंना टाचेशी बांधणारी कंडरा. तिच्यावरही नुसती कातडीच. पायाच्या खालच्या भागात पोटरीचे मांसल स्नायू संपतात, त्यांच्या कंडरा तेवढ्या पुढे जातात.

मांडीवर खोल जखम झाली तर तिच्या तळाशी स्नायू असतो. स्नायूत भरपूर रक्त, त्यामुळे तळातून लाल दाणेदार मांस उगवतं आणि खड्डा भरत येतो. घोट्याला तळाशी निघतं ते हाड, कंडरा, सांधा नाहीतर बसवलेली प्लेट. धातूवर काही उगवत नाही. हाडावरचं पातळ आवरण निघून गेलं असेल तर हाडही कोरडं पडून मरू लागतं. त्यात हा भाग हृदयापासून सगळ्यात लांब. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतासारखी गत: वर कुठेही अडथळा आला की पहिली तहान इथे लागते.

म्हणून जखम केवढी आहे यापेक्षा तिच्या तळाशी काय उघडं पडलंय हे आधी विचारायचं. पाठीवरची तळहाताएवढी जखम साध्या ड्रेसिंगने भरू शकते आणि घोट्यावरची रुपयाएवढी जखम महिनोन्‌महिने छळू शकते.

अशा जखमा फक्त अपघातातच होतात असं नाही. सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या चाकात मुलांचा पाय अडकतो तेव्हा टाचेमागची कातडी सोलवटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचेला दाबामुळे व्रण पडतो. मधुमेहात संवेदना गेलेल्या पायाला बूट चावतो आणि कळतही नाही. कधी गाठ काढल्यावर खड्डा राहतो, कधी टाचेची कंडरा शिवल्यावर वरची कातडीच उसवते.

मग साधी कातडी लावली तर?

कातडी दोन प्रकारे लावता येते. हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिला प्रकार ग्राफ्ट. मांडीवरून मिलीमीटरहूनही पातळ पापुद्रा काढतात आणि जखमेवर पसरतात. या पापुद्र्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोनेक दिवस तो जखमेतून पाझरणारा द्रव शोषून तग धरतो, मग तळातल्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात आणि तो 'धरतो'. म्हणजे ग्राफ्ट हे बी आहे, त्याला ओली, कसदार जमीन लागते. उघडं हाड, उघडी कंडरा किंवा धातू म्हणजे फरशी. फरशीवर बी टाकून काय उगवणार?

दुसरा प्रकार फ्लॅप. यात कातडी, तिच्याखालची चरबी आणि त्याखालचा चिवट पडदा असा जाड थर उचलतात, आणि त्याला रक्त देणारी वाहिनी तोडत नाहीत. वाहिनी असलेल्या त्या भागाला देठ म्हणू. मुळांसकट, मुळांभोवतीच्या मातीसकट रोप हलवावं तसं हे असतं. ते आपलं पाणी बरोबर घेऊन येतं, म्हणून फरशीवर ठेवलं तरी जगतं. शिवाय उघड्या हाडापर्यंत ताजं रक्त नेतं. रक्ताबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पेशी येतात, शिरेतून दिलेलं प्रतिजैविकही त्याच वाटेने तिथे पोचतं.

कल्पना फार जुनी आहे. कापलेल्या नाकावर गालाची कातडी देठासह वळवून बसवण्याचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. प्लास्टिक सर्जरीचा जन्मच असा हरवलेलं भरून काढण्यातून झाला. चेहरा सुंदर करणं ही तिची नंतरची ओळख.

पण पोटरीच का?

कारण ती शेजारी आहे आणि तिच्याकडे द्यायला आहे. उसनं मागायला आपण आधी शेजारीच जातो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. "पोटरीचं मांस काढणार" असं लोक म्हणतात, पण घोट्यासाठी पोटरीचा मोठा स्नायू सहसा उपयोगी पडतच नाही. सर्जन नडगीचे ढोबळ तीन भाग करतात. गुडघा आणि नडगीचा वरचा भाग झाकायला पोटरीचा वरचा, फुगीर दिसणारा स्नायू वळवतात. मधल्या भागासाठी त्याच्याखालचा चपटा स्नायू. या स्नायूंचं मुख्य रक्त वरून येतं, त्यामुळे ते वरच्या बाजूने बांधलेले असतात आणि खाली घोट्यापर्यंत पोचत नाहीत. खालचा तिसरा भाग, घोटा आणि टाच ही पूर्वीपासून अडचणीची जागा. एके काळी तिथे दुसऱ्या पायाच्या पोटरीची कातडी अर्धवट सोडवून जखमेवर शिवत आणि दोन्ही पाय तीनेक आठवडे एकमेकांना जखडून ठेवत. ती पद्धत आजही क्वचित, दुसरा इलाज नसेल तर, वापरतात.

वाट उघडली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत. १९८१ मध्ये स्वीडनचे सर्जन पोंटेन यांनी दाखवलं की पायाची कातडी उचलताना खालचा चिवट पडदाही बरोबर घेतला, तर बराच लांब फ्लॅप जगतो. त्या पडद्याच्या आसपास बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. १९८३ मध्ये डोन्स्की आणि फोगडेस्टाम यांनी पोटरीमागचा असा फ्लॅप खालच्या बाजूला देठ ठेवून उचलल्याचं मांडलं. १९९२ मध्ये फ्रान्सचे मास्क्ले आणि सहकाऱ्यांनी कारण उलगडलं: कातडीला संवेदना देणाऱ्या नसांच्या सोबतीने बारीक धमन्या धावतात आणि त्या आसपासच्या कातडीला पोसतात. त्यानंतर 'रिव्हर्स सुरल फ्लॅप' जगभर पसरला. 'सुरल' म्हणजे पोटरीचा. 'रिव्हर्स' का, ते आता पाहू.

उलट्या वाटेचं रक्त

गुडघ्याखाली तीन मुख्य धमन्या उतरतात: एक पुढून, एक आतल्या बाजूने मागून आणि तिसरी बाहेरच्या बाजूने खोलवरून. त्यांच्यापासून ठिकठिकाणी बारीक फांद्या निघतात आणि स्नायूंच्या मधून वाट काढत कातडीत शिरतात. कालव्याला जागोजागी फोडलेल्या पाटांसारख्या. बाहेरच्या धमनीचा असाच एक भरवशाचा पाट घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या साधारण ५ सेंटीमीटर वर असतो.

पोटरीच्या मागे मधोमध सुरल नस खाली येते. तिच्या सोबतीला एक बारीक धमनी आणि शेजारी एक ठळक शीर असते. नेहमी या सोबतीच्या धमनीत रक्त वरून, गुडघ्याकडून येतं. पण खाली घोट्याजवळ ती त्या पाटाशी जोडलेली असते. सर्जन पोटरीवर हवा तेवढा तुकडा आखतात, वरचा पुरवठा बांधून टाकतात आणि नस, शीर, धमनी आणि पडदा यांची दोनेक बोटं रुंद पट्टी देठ म्हणून खाली त्या ५ सेंटीमीटरच्या खुणेपर्यंत सोडवत आणतात. आता रक्त खालच्या पाटातून शिरतं आणि पट्टीतून वर चढून तुकड्याला पोचतं. मग सगळा तुकडा पुस्तकाचं पान उलटावं तसा खाली वळवून टाचेवर किंवा घोट्यावर बसवतात.

या सगळ्यात पायाची एकही मुख्य धमनी बळी जात नाही. सूक्ष्मदर्शक लागत नाही. तासन्‌तास भूल सोसवणार नाही अशा पेशंटला आणि मोठ्या साधनसामग्रीविना चालणाऱ्या रुग्णालयाला हा आधार वाटतो, तो यामुळेच.

पंख्याच्या पात्यासारखा

सुरल फ्लॅपची एक मर्यादा उघड आहे: देठाची पट्टी जाड असते आणि घोट्यावर वळते तिथे उंचवटा राहतो. दुसरी पद्धत याहून सुबक आहे. जखमेच्या जवळच असा एखादा पाट शोधायचा. त्यासाठी पेनसारखा छोटा डॉप्लर कातडीवर फिरवतात आणि रक्ताचा आवाज ऐकतात. फ्लॅपला धरून ठेवणारं बाकी सगळं सोडवायचं आणि तो पाट हाच आस धरून सगळा तुकडा फिरवायचा, १८० अंशांपर्यंत. लांब पातं जखमेवर येतं, आखूड पातं पोटरीवरची रिकामी जागा थोडी झाकतं. १९९१ मध्ये जपानच्या ह्याकुसोकू यांनी 'प्रोपेलर' हे नाव वापरलं, आणि ते हुबेहूब आहे.

धोका मात्र पिळाचा. वाहिनी जेमतेम मिलीमीटरभर जाड, तिला अर्धा फेरा बसतो. पाण्याचा पाइप एकाच जागी मुरगळला तर पाणी थांबतं, तोच पीळ लांबीवर पसरला तर वाहत राहतं. म्हणून ती वाहिनी खोलवर, सेंटीमीटर-सेंटीमीटर करून मोकळी करावी लागते. या कामात घाई चालत नाही.

"पोटरी अधू होईल का?"

नाही. या फ्लॅपमध्ये स्नायू तसाच राहतो, चालण्याची ताकद त्याच्यातच आहे. फ्लॅप अरुंद असेल तर पोटरीची कातडी ओढून शिवता येते, रुंद असेल तर तिथे ग्राफ्ट लावतात. तिथे स्नायू असल्यामुळे ग्राफ्ट छान धरतो. थोडक्यात, जिथे ग्राफ्ट टिकतो तिथे खड्डा नेला आणि जिथे टिकत नाही तिथला बुजवला. मला या शस्त्रक्रियेतली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते.

किंमत मोजावी लागते ती वेगळी. सुरल नस देठात जाते, म्हणून पावलाची बाहेरची कड कायमची बधिर होते. बहुतेकांना त्याची सवय होते, तरी हे आधी सांगितलं गेलंच पाहिजे. पोटरीवर कायमचा व्रण राहतो, ग्राफ्ट असेल तर खोलगट चकती दिसते. ज्यांना हा व्रण नको असेल त्यांच्यासाठी काही वेळा फक्त चरबी आणि पडदा नेतात, पोटरीची कातडी परत जागच्या जागी शिवतात, आणि घोट्यावर गेलेल्या थरावर ग्राफ्ट लावतात.

"मांडीचा मोठा फ्लॅप जास्त चांगला असतो म्हणे"

कधी कधी असतोच. त्याला मुक्त फ्लॅप म्हणतात. यात देठ पूर्ण तोडतात, तुकडा घोट्यावर आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची धमनी व शीर पायातल्या धमनी-शिरेला जोडतात, केसाहून बारीक धाग्याने. डॅनियल आणि टेलर यांनी १९७३ मध्ये जांघेतला असा फ्लॅप पायाच्या जखमेवर जोडल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून हे शास्त्र खूप पुढे गेलं आहे. पोटरीच्याच आतल्या बाजूची पातळ कातडीही आता अशी मुक्त करून दुसरीकडे जोडतात.

जखम फार मोठी असेल, पोटरीही अपघातात चिरडली असेल किंवा घोट्याजवळचा तो पाटच तुटला असेल तर मुक्त फ्लॅपच बरा. शेजारचं घरही जळालं असेल तर त्याच्याकडे उसनं मागून काय मिळणार? उलट जखम मध्यम, पोटरी शाबूत आणि पेशंट दीर्घ भूल सोसणारा नसेल तर पोटरीचा फ्लॅप. अमुक एक 'भारी' आणि दुसरा 'साधा' अशी उतरंड लावू नये. ज्या सर्जनच्या हाताला जी पद्धत रुळली आहे, तिलाही वजन असतं.

निळा पडला की पांढरा?

फ्लॅप मरतो तो रक्त पोचत नाही म्हणूनच, असा समज असतो. सुरल फ्लॅपमध्ये बहुधा उलट घडतं: रक्त पोचतं, पण बाहेर पडत नाही. शिरांमध्ये एका दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. फ्लॅप उलटा वळवला की निचरा त्या झडपांच्या विरुद्ध करावा लागतो, आणि तो मुख्य शिरेभोवतीच्या, झडपांना वळसा घालणाऱ्या बारीक शिरांतूनच होतो. नळ चालू आणि मोरी तुंबलेली. फ्लॅप निळसर-जांभळा होतो, फुगतो, बोटाने दाबून सोडला की रंग झटकन परततो, टोचलं तर काळपट रक्त येतं.

धमनीच अडली तर चित्र वेगळं: फ्लॅप फिकट, थंड, सैल, दाबल्यावर रंग परतायला वेळ, टोचलं तरी रक्त नाही. निरोगी फ्लॅप गुलाबी आणि उबदार असतो, दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग येतो. पहिले दोन-तीन दिवस नर्स रात्री उठवून हेच बघत असतात. झोपमोड होते, पण त्यातूनच फ्लॅप वाचतात.

निळेपणा दिसला की आधी साधे उपाय: देठावर काही दाबतंय का, ड्रेसिंग घट्ट आहे का, टाके ताणलेत का, पाय पुरेसा उंच आहे का. देठ कातडीखालच्या अरुंद बोगद्यातून नेला असेल तर बोगदा उघडतात. आणि जळवासुद्धा लावतात. हे जुनाट वाटेल, पण २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने वैद्यकीय जळवांना याच कामासाठी परवानगी दिली. जळू रक्त शोषते आणि तिच्या लाळेतला पदार्थ रक्त गोठू देत नाही, त्यामुळे ती निघाल्यावरही जागा पाझरत राहते. नव्या बारीक शिरा तयार होईपर्यंत तुंबलेल्या मोरीला ही तात्पुरती वाट. तिच्या पोटातले जंतू जखमेत जाऊ शकतात, म्हणून सोबत प्रतिजैविक देतात.

धोका आधीच दिसत असेल तर काही सर्जन शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करतात. पहिल्या वेळी फ्लॅप कडेने सोडवतात आणि जागेवरच परत शिवतात. एक-दोन आठवड्यांत उरलेल्या देठातल्या वाहिन्या रुंदावतात, मग तो वळवतात. "एकदाच का नाही केलं?" असं घरच्यांना वाटतं. तो उशीर मुद्दाम केलेला असतो आणि फायद्याचा असतो.

मधुमेह, तंबाखू आणि खरी आकडेवारी

तरुण, निरोगी माणसात हा फ्लॅप भरवशाचा आहे. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात अनेक व्याधी असलेले बरेच पेशंट होते, ७० पैकी एक तृतीयांशाहून जास्त फ्लॅप थोडेफार किंवा पूर्ण मेले. मधुमेह, पायाच्या धमन्यांचा आजार आणि शिरांचा जुना आजार ही मुख्य कारणं. पुष्कळदा फक्त कड जाते आणि ड्रेसिंगने निभावतं, तरी आकडा लपवण्यासारखा नाही.

याचा अर्थ मधुमेह्याला फ्लॅप करायचाच नाही असा नव्हे. मधुमेहात गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद होतात, पण बाहेरची धमनी, म्हणजे नेमकी या फ्लॅपची, पुष्कळदा त्यातल्या त्यात बरी राहते. तसं आहे की नाही हे आधी डॉप्लर किंवा अँजिओग्राफीने पाहायला हवं. मोठ्या धमनीत अडथळा असेल तर आधी तो काढायचा आणि मग फ्लॅपचा विचार करायचा. कालवाच आटलेला असेल तर पाट कितीही सुबक फोडून काय उपयोग?

तंबाखूबद्दल मी गुळमुळीत लिहिणार नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप जगतो तो बारीक वाहिन्यांवरच. सिगारेट, बिडी, मिश्री, चघळायचा तंबाखू, सगळं बंद. भेटायला येणाऱ्या माणसाने प्रेमाने दिलेली एक चिमूटही नको.

थोडं थांबून बघितलं तर?

स्लोव्हेनियाचे सर्जन मार्को गोदिना यांचा ५३२ पेशंटांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. हातापायांच्या मोठ्या जखमा पहिल्या ७२ तासांत मुक्त फ्लॅपने झाकल्या तेव्हा ०.७५ टक्के फ्लॅप फसले. ७२ तास ते तीन महिने या काळात झाकल्या तेव्हा १२ टक्के. संसर्गातही तसाच मोठा फरक होता. ७२ तासांची रेघ आज सगळेच काटेकोर मानत नाहीत. जखम नीट साफ करून त्यावर हवा ओढून घेणारं ड्रेसिंग लावलं की काही दिवस हाताशी मिळतात. पण ते ड्रेसिंग जखमेचं छत नव्हे, ताडपत्री आहे. उघडं हाड ताडपत्रीखाली आठवडेच्या आठवडे ठेवलं तर जंतू हाडात मुरतात, आणि हाडातला संसर्ग काढणं फ्लॅप करण्यापेक्षा कितीतरी अवघड. म्हणून हाड, कंडरा किंवा प्लेट दिसली की "ड्रेसिंग चालू ठेवू" एवढ्यावर समाधान मानू नका. प्लास्टिक सर्जनला कधी दाखवायचं, हे त्याच दिवशी विचारा.

घरी आल्यावर

पहिले दिवस पाय उंच, आणि पाठीवर झोपताना टाच गादीला टेकलेली नको. देठ तिथेच असतो आणि गादीचा दाबही त्याला पुरतो. पाय खाली सोडण्याची सवय मिनिटामिनिटाने करायची, सर्जन सांगतील तेव्हापासून. पाच मिनिटांत फ्लॅप जांभळा झाला तर परत वर. जोर देऊन चालणं कधी, हे जखमेबरोबर हाडावरही अवलंबून असतं.

पोटरीची कातडी टाचेवर आली तरी ती पोटरीचीच राहते. तिच्यावर केस उगवतात, वजन वाढलं तर तीही जाड होते. बूट घालता येत नसेल तर काही महिन्यांनी चरबी काढून तिला पातळ करता येतं. तळव्याच्या कातडीखाली चरबीचे कप्पे घट्ट पडद्यांनी बांधलेले असतात, त्यामुळे ती आपलं वजन पेलते आणि सरकत नाही. पोटरीच्या कातडीला हे जमत नाही. ती हाडावर थोडी सरकते आणि तिला चटका, खडा, बुटाची शिवण नीट जाणवत नाही. काही संवेदना हळूहळू परतते, पण पूर्ण नाही.

म्हणून बूट मऊ आणि मापाचा, आणि घालण्याआधी त्यात हात घालून आतून चाचपायचा. रात्री झोपताना आरशात किंवा मोबाइलचा कॅमेरा मागे धरून टाच बघायची. लाल ठिपका दिसला आणि तो अर्ध्या तासात गेला नाही, तर तो बूट दुसऱ्या दिवशी घालायचा नाही.